पोलिओ गेला, पोलिओग्रस्तांचे काय?

(सेवाकार्यात असलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित पाठ)



२७ मार्च २०१४ या दिवसाचे स्मरण आपल्यापैकी किती जणांना आहे, कोण जाणे. त्या दिवशी नवी दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. भारतातील शेवटचा रुग्ण सापडला होता तो १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात. त्याच्या दोनच वर्षे आधी, म्हणजे २००९ साली, देशात ७४१ मुलांना पोलिओ झाला होता आणि जगातील कोणत्याही देशापेक्षा तो आकडा मोठा होता. भारतातून पोलिओ जाईल तर सर्वांत शेवटी, असे भाकीत अनेक तज्ज्ञांनी करून ठेवले होते. लोकसंख्येची दाटी, उघडी गटारे, पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहारमधली परिस्थिती हे सारे पाहता ते भाकीत अगदीच निराधार होते असेही नाही. या देशाने ते खोटे ठरविले.

या यशात अनेकांचा वाटा आहे, पण एका प्रसंगाची आठवण येथे केली पाहिजे. २ ऑक्टोबर १९९४ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, दिल्ली राज्यात एकाच दिवसात सर्व लहान मुलांना पोलिओचे थेंब पाजण्याची मोहीम निघाली. त्या वेळचे दिल्लीचे आरोग्यमंत्री होते डॉ. हर्षवर्धन. व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक आणि संस्काराने स्वयंसेवक. त्या दिवशी दहा लाखांहून अधिक बालकांना डोस पाजला गेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९५ मध्ये, ती मोहीम देशव्यापी झाली आणि 'पल्स पोलिओ' हे नाव खेड्यापाड्यातल्या आजीबाईंच्याही तोंडी बसले. पुढे एकेका फेरीत सुमारे २३ लाख कार्यकर्ते सतरा कोटी मुलांपर्यंत पोहोचू लागले. रेल्वे स्थानकांवर, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडणी कामगारांच्या खोपटांत, जत्रांमध्ये. एवढ्या शिस्तीने एखादे काम हा समाज करू शकतो, ही गोष्ट स्वतःच्या समाजाविषयी सदैव निराश असणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

परंतु आजचा विषय हा विजय नाही. विषाणू गेला; त्या विषाणूने ज्यांचे पाय नेले ती माणसे येथेच आहेत. २०११ च्या जनगणनेत हालचालींशी संबंधित अपंगत्व असलेल्यांची संख्या ५४ लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यांत पोलिओमुळे अपंग झालेले किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही, कारण जनगणना अपंगत्वाचा प्रकार विचारते, कारण विचारत नाही. पण सार्वत्रिक लसीकरण सुरू होण्यापूर्वी देशात दरवर्षी पोलिओने अपंग होणाऱ्या मुलांची संख्या दोन लाखांच्या घरात असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ती मुले आज चाळिशी-पन्नाशीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्याविषयी समाजाची समजूत अशी, की त्यांचा आजार केव्हाच संपला, आता उरले ते केवळ व्यंग. ही समजूत चुकीची आहे, आणि सेवाकार्यात असलेल्यांनी तरी ती मनातून काढून टाकली पाहिजे.

तालुक्याच्या गावापासून दहा-बारा मैल आत असलेल्या एखाद्या खेड्यातला, १९७४ च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो कोणी एक नाही, असे हजारो आहेत. दीड वर्षाचा असताना पावसाळ्यात त्याला ताप येतो. पोलिओचा विषाणू दूषित पाण्यावाटे, मळलेल्या हातांवाटे तोंडातून आतड्यात जातो. बहुसंख्य मुलांना त्याचा पत्ताही लागत नाही. शंभरातील सत्तरांहून अधिक मुलांना काहीच होत नाही, काहींना सर्दी-तापासारखे होऊन जाते, आणि सुमारे दोनशेंपैकी एका मुलाच्या बाबतीत तो मज्जासंस्थेत शिरतो. मज्जारज्जूच्या पुढच्या भागात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी असतात, त्याच तो गाठून मारतो. संवेदना वाहणाऱ्या पेशींना मात्र तो हात लावत नाही. म्हणून पोलिओने लुळ्या पडलेल्या पायाला मुंगी चावलेली कळते, पण ती झटकण्यापुरते बळ त्या पायात नसते.

या मुलाच्या कथेत आणखी एक गोष्ट घडलेली असण्याचा संभव मोठा आहे. ताप आला म्हणून आईने त्याला गावातल्या डॉक्टरकडे नेले आणि डॉक्टरने मांडीत वा कमरेत सुई टोचली. सुई टोचली तरच औषध झाले, अशी आपल्याकडील लोकांची श्रद्धा. आणि त्या श्रद्धेवर चालणारे दवाखानेही पुष्कळ. पोलिओचा विषाणू रक्तात असताना दिलेले असे इंजेक्शन, स्नायूला झालेल्या इजेच्या वाटेने, त्या विषाणूला मज्जारज्जूपर्यंत पोहोचायला मदत करते, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे आणि भारतातील रुग्णनोंदींच्या अभ्यासांतूनही ते पुढे आले आहे. ज्या तापातून मूल कदाचित धडधाकट उठले असते, त्या तापात एका अनावश्यक सुईने त्याचा पाय गेला, असे किती मुलांचे झाले असेल याचा हिशेब कोणी देऊ शकणार नाही. त्या मातांना हे कोणी कधी सांगितलेही नाही. पुष्कळ जणींनी आयुष्यभर दोष दिला तो स्वतःच्या नशिबाला, नाहीतर राहून गेलेल्या एखाद्या नवसाला.

ताप तीन-चार दिवसांत उतरतो. घरची माणसे म्हणतात, पोर वाचले. येथून पुढे जे सुरू होते त्याला आपल्याकडे आजार म्हणण्याची पद्धत नाही. (२००६ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली तेव्हाही हेच झाले. ताप चार दिवसांत गेला आणि सांधे कित्येकांचे महिनोन् महिने धरलेले राहिले. पण उपचार, चौकशी आणि सहानुभूती हे सारे तापाबरोबरच उतरले.) लुळा पाय दुसऱ्या पायाच्या मानाने कमी वाढतो, आखूड राहतो. वापर नाही म्हणून सांधे आखडतात, टाच वर उचलली जाते, ढुंगणाचे हाड एका बाजूला कलते आणि त्यापाठोपाठ पाठीचा कणा वाकतो. म्हणजे विषाणूने पाय नेला, आणि कणा नेला तो नंतरच्या दुर्लक्षाने. वेळेवर व्यायाम, आधार आणि जरूर तर शस्त्रक्रिया मिळाली असती, तर यातले बरेच टळले असते. मुंबईत हाजी अलीजवळ यासाठी १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था आहे. पण खेड्यातल्या बापाला मुंबईची ती वाट दाखवणार कोण? आणि दाखवली तरी, मूल वाढते तसे दर वर्ष-दीड वर्षाने नवे कॅलिपर करून घ्यायला, हातातले काम सोडून तो किती खेपा घालणार?

कॅलिपर म्हणजे काय, हे येथे बसलेल्या तरुणांपैकी काहींना कदाचित ठाऊक नसेल. बुटाला जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, मांडीपर्यंत चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्यापाशी एक कडी. उभे राहताना कडी खाली सरकवून गुडघा ताठ करायचा, बसताना ती उचलायची. तिचा खट् असा आवाज. वर्गात उशिरा आलेला तो मुलगा कितीही हळू बसला तरी त्या आवाजाने सारा वर्ग मागे वळून पाहतो. ज्यांना कॅलिपर मिळाले नाही ते प्रत्येक पावलाला हाताने गुडघा मागे रेटत चालायला शिकले. मांडीवर हात दाबून, वाकून चालणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची विजार एकाच जागी झिजते.

मुलींची कथा तर वेगळीच सांगावी लागेल. मुलगा लंगडा असला तरी शिकला, नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले. मुलीच्या बाबतीत शाळा दूर आहे, ही पहिली सबब आणि शिकून करायचे काय, ही दुसरी. ज्या घरात ती राहिली तेथे स्वयंपाक, लहान भावंडे, पुढे भावजयीची मुले, म्हाताऱ्या आईचे दुखणेखुपणे हे सारे तिनेच काढले, बहुधा जमिनीवर सरकत. तिची नोंद कोठल्याही कार्यालयात नाही, कारण तिला कोणत्याही कार्यालयापर्यंत कोणी नेलेच नाही.

आपला तो मुलगा जिद्दीने शिकला. केंद्र शासनाने १९७७ मध्ये क आणि ड वर्गांच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखून ठेवल्या होत्या, आणि १९९५ च्या कायद्याने त्या आरक्षणाला संसदेचे बळ मिळाले. तो कारकून झाला, कोणी शिक्षक झाला, कोणी गावात शिवणयंत्र किंवा टेलिफोनचे बूथ चालवू लागला. घर बांधले, मुलांना शिकवले. सत्कारही झाले. 'अपंगत्वावर मात' हा मथळा आपल्या वर्तमानपत्रांनी इतक्यांदा छापला आहे, की त्याचा ठसा तयार करून ठेवला असावा.

आणि मग पन्नाशीच्या आसपास त्याचा चांगला पाय थकू लागतो. ज्या पायाला काही झाले नव्हते असे तीस-चाळीस वर्षे सगळे मानत आले, तोच. दोन जिने चढून कचेरीत गेले की दिवसभराचे बळ संपते. स्नायू दुखतात, हात थरथरतो, थंडी सोसत नाही, झोपेत श्वास अडखळतो, क्वचित घास गिळताना ठसका लागतो. एक दिवस न्हाणीघरात तो पडतो. डॉक्टर म्हणतात, वय झाले. दुसरे म्हणतात, संधिवात. तिसरे म्हणतात, मनावर घेऊ नका.

हे वय नव्हे. वैद्यकशास्त्रात याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम असे नाव आहे. त्याचे कारण समजून घेण्यासाठी एक खेडे कल्पनेत आणावे. पटकीची साथ आली आणि गावातले निम्मे कुणबी मेले. त्यांची शेते पोरकी झाली. उरलेल्यांनी आपली शेती सांभाळून शेजाऱ्यांची शेतेही कसायला घेतली. गाव पुन्हा हिरवे दिसू लागले. पोलिओच्या तापानंतर शरीरात नेमके हेच घडते. वाचलेल्या चेतापेशी नवे फाटे फोडून पोरक्या स्नायुतंतूंना आपल्या आधाराखाली घेतात. एकेक पेशी कित्येक पेशींचे काम करू लागते. मूल पुन्हा उभे राहते ते या उद्योगामुळे. पण चाळीस वर्षे दुप्पट-तिप्पट नांगर ओढल्यावर तो बैल थकतो. फुटलेले फाटे एकामागून एक सुकू लागतात. पोलिओ परत आलेला नसतो, तो संसर्गजन्यही नसतो. उसने काढलेले बळ तेवढे परत मागितले जाते. पोलिओतून उठलेल्यांपैकी २५ ते ४० टक्के लोकांना हे भोगावे लागते, असे मानले जाते.

ही गोष्ट नवी नाही. बालपणी पोलिओ होऊन गेलेल्या माणसाला पुढे नवी दुर्बलता येते, हे १८७५ मध्ये फ्रेंच वैद्यांनी नोंदवून ठेवले होते. जगाने ते विसरून टाकले. अमेरिकेत १९५२ साली पोलिओची सर्वांत मोठी साथ आली, सुमारे ५८ हजार रुग्ण झाले. आणि १९८० च्या दशकात त्या पिढीतली माणसे पुन्हा दवाखान्यांत येऊ लागली तेव्हा कोठे वैद्यकविश्व जागे झाले. साथीनंतर तीस-चाळीस वर्षे, हा हिशेब आपल्याला लावून पाहा. आपल्याकडे सर्वाधिक मुले पोलिओने आजारी पडली ती लस घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या दशकांत. म्हणजे आपली पाळी आत्ता आहे. आणि नेमक्या याच वेळी देशातल्या तरुण डॉक्टरांची अख्खी पिढी अशी आहे, जिने पोलिओचा ताजा रुग्ण पाहिलेलाच नाही. रोग हटवण्याच्या यशाची ही दुसरी बाजू म्हणायची.

यावर रामबाण औषध नाही. पण उपाय आहे, आणि तो आपल्या कानांना विचित्र वाटेल असा आहे. उपाय म्हणजे जिद्द आवरणे. थकेपर्यंत व्यायाम करू नये, उरलेले बळ पैशासारखे मोजून खर्चावे, मध्ये मध्ये विसावा घ्यावा, वजन वाढू देऊ नये, टाकून दिलेले कॅलिपर किंवा काठी पुन्हा जवळ करावी, लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची वापरावी. कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे, की लहानपणी पोलिओ झाला होता. कारण अशा रुग्णाला भुलीची मात्रा आणि नंतरचा श्वास दोन्ही जपावे लागतात.

आता हे त्या माणसाला सांगून पाहा. ज्याने चाळीस वर्षे कुबडी टाकण्यात पुरुषार्थ मानला, ज्याचा सत्कार कुबडी टाकल्याबद्दल झाला, त्याला पुन्हा कुबडी घ्या म्हणायचे. त्याला तो पराभव वाटतो, आणि तसे वाटायला आपणच त्याला शिकवले आहे. प्रमोद भगत यांनी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटनचे सुवर्ण जिंकले, भाविनाबेन पटेल यांनी टेबल टेनिसचे रौप्य. दोघांनाही बालपणी पोलिओ झाला होता. त्यांचा अभिमान कोणाला नाही? पण ते उदाहरण तालुका कचेरीतल्या पंचावन्न वर्षांच्या कारकुनाच्या तोंडावर फेकणे हा अन्याय आहे. त्याला पदक नको आहे. त्याला तळमजल्यावरचे टेबल हवे आहे.

शासनाने काही केले नाही असे नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, नोकऱ्यांतील आरक्षण तीनाचे चार टक्के झाले. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले आणि त्याच महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. त्या शब्दावर वाद झाले. अपंगत्वात दिव्य ते काय, असे काही संघटनांनी विचारले. शब्दामागची सद्भावना खरी होती. मात्र शब्द बदलला तेवढ्या वेगाने जिने बदलले नाहीत, हेही खरे आहे. पांगळ्याने पर्वत ओलांडणे ही आपल्या परंपरेत ईश्वरी कृपेची खूण मानली जाते. पर्वत राहू द्या, आपल्या गावच्या देवळाच्या पायऱ्या, वाचनालयाच्या पायऱ्या, मतदान केंद्राच्या पायऱ्या यांची गोष्ट करू. वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ पासून रुळांवरून चालणारी ट्रॉली आहे, आणि ज्यांनी तोवर देवीला पायथ्यावरूनच हात जोडले होते ते आज तिच्यासमोर उभे राहतात. हे गडावर होऊ शकले तर ग्रामपंचायतीच्या दोन पायऱ्यांशेजारी उतरंड का होऊ नये?

राहिला प्रश्न आपला. विकलांगांसाठी आपल्या परिवारात काम पुष्कळ आहे. भारत विकास परिषदेची विकलांग केंद्रे अनेक शहरांत आहेत, जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे महाराष्ट्रभर आहेत, २००८ मध्ये नागपूरमध्ये स्थापन झालेले 'सक्षम' देशभर पोहोचले आहे. या कामाविषयी आदर ठेवूनच एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. आपल्या कामाची प्रकृती शिबिराची आहे. एक दिवस मांडव पडतो, मापे घेतली जातात, महिन्याने कॅलिपर आणि तीनचाकी सायकली वाटल्या जातात, पाहुण्यांचे भाषण होते, छायाचित्र छापून येते. दोन वर्षांनी त्या सायकलीची साखळी तुटलेली असते आणि ती गोठ्यात गवत ठेवायच्या कामी येते. कॅलिपरचा पट्टा तुटला, तर शिवून देणारा माणूस तालुक्यात नसतो. नारायण सेवा असे आपण म्हणतो. मग त्या नारायणाची पुन्हा विचारपूस करायला दोन वर्षांत कोणी का गेले नाही?

काही कामे अगदी लहान आहेत. तालुक्यातल्या एका चांभाराला आणि एका वेल्डरला कॅलिपर दुरुस्तीचे काम शिकवून तयार करणे. साहित्य केंद्रात कुबड्या आणि खाटांबरोबर न्हाणीघरात भिंतीला बसवायच्या दांड्या आणि कमोड खुर्ची ठेवणे. वीस वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रावरचा टक्का आजच्या पायाचा राहिलेला नसेल, तर नव्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत त्या माणसाबरोबर उभे राहणे. गावातल्या डॉक्टरांना पोस्ट-पोलिओविषयी एक कागद नेऊन देणे. आणि ज्या बहिणी घरात जमिनीवर सरकत पन्नाशीला आल्या, त्यांच्यापर्यंत आपल्या भगिनी कार्यकर्त्यांनी जाणे, कारण पुरुष कार्यकर्ता गेला तर त्या आतल्या खोलीतून बाहेर येणार नाहीत.

कोठून सुरुवात करायची, असा प्रश्न वर्गात सकाळी एकाने विचारला होता. आपल्या जुन्या शिबिरांच्या वह्या कार्यालयातल्या कपाटांत अजून असतील. त्यांत नाव आहे, गाव आहे, वडिलांचे नाव आहे, आणि पुढे पेन्सिलीने लिहिलेली मापे आहेत : उजवा पाय अमुक इंच, डावा अमुक. त्या वह्यांतली सहा-सात इंचांची पावले आज पन्नाशीत आली आहेत. पहिल्या पानावरच्या पहिल्या नावापासून सुरुवात करता येईल. गाव बहुधा तेच असेल. मुक्कामी शेवटची एस.टी. किती वाजता जाते तेवढे पाहून निघावे.